नादमयता, सहावी ब

पाठाचं नाव फळ्यावर लिहून होईतो खडू मोडतो.
"ठिसूळपणा," मी म्हणते, तुकडा उचलत,
आणि एक गुणधर्म असा फुकटात उरकतो.

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली
बदली झालेल्या शिपाईमामांच्या खिशातून
ऐरोलीच्या शाळेत गेली ती गेलीच.
म्हणून सांगितलं होतं, घरून एकेक वस्तू आणा.

आणल्या.
चंदना मढवीनं आजोबांच्या जाळ्याचं शिसं,
त्यावर दातांच्या खुणा, "आजोबांच्याच," ती म्हणाली.
सुफियाननं भंगाराच्या काट्यावरून उचललेली तांब्याची तार:
"बाई, ही तन्यता. अब्बू हिला किलोमागे सातशे म्हणतात."
कुणी फ्रीजमध्ये गोठवलेलं खोबरेल,
तुर्भे स्टोअरचा नाका ओलांडेपर्यंत
दप्तरातल्या मराठीच्या वहीत मुरलेलं.
दोघांनी काहीच नाही.

दुर्गप्पा विटकरनं दगड आणला.
काळा, मुठीएवढा, एका अंगाला ताजा फुटलेला.
वर्ग हसला. मीही, थोडीशी.

नादमयता शिकवायची तर घंटा हवी.
शाळेत आता बटण दाबलं की वाजते ती भोंग्याची.
मी डब्याच्या झाकणावर चमचा मारला:
ऐका, धातू. धातू नाद करतो.
लाकूड, कोळसा, दगड नाही करत.

"करतो, बाई."

हात वर न करताच उठला तो.
खिशातून खिळा काढला, दगडावर मारला.
टण्.
इतका स्वच्छ, की मागच्या बाकावरचं
पेनाच्या टोपणांचं क्रिकेट थांबलं.
मग दगड फिरवला, दुसऱ्या अंगाला मारला.
भद्.
"इथनं आत तडा हाय. दिसत न्हाई.
आई आधी ऐकायची, मग घण घालायची.
न ऐकता घातला की कपची डोळ्यात."

खाण बंद झाली तेव्हा हा दोन वर्षांचा.
आई आता महापेच्या एका कंपनीत फरशी पुसते.
पुसता पुसता मॉपचा दांडा टेकवते, म्हणे,
आणि कोणती लादी खालून पोकळ आहे ते कळतं तिला.
"मग सांगते का साहेबांना?"
"कोण इचारतंय," तो म्हणाला, आणि बसला.

मी पुस्तक उघडलं, मिटलं.
बाहेर पारसिकच्या डोंगराची कापलेली बाजू
खिडकीच्या तीन गजांत बसेल एवढी.
अर्धा डोंगर इमारतींच्या पायात गेला,
माझ्याही, सानपाड्याच्या, चौथ्या मजल्याच्या.
कुणीतरी त्याचा एकेक तुकडा ऐकून बघितला असणार.

मधल्या सुट्टीत चाचणीचा गठ्ठा सोडला.
प्रश्न दोन, अ: नाद करणाऱ्या एका पदार्थाचं नाव लिहा.
सदतीस जणांनी घंटा. एकीनं पैंजण.
एका पेपरवर, वेलांट्या उलट्या असलेल्या अक्षरात,
दगड.
त्यावर माझी लाल फुली. नीटनेटकी,
मान वर न करता मारलेली.

गुण वर भरून झालेत. यादी बंद आहे.
ऑफिसातले तांडेल सर म्हणाले,
"एका मार्कासाठी कुठं अर्ज करताय, मॅडम,
आणि कारण काय लिहिणार?"
खरंच, काय लिहिणार.
आवाज ऐकला?

पेपरवर फुली खोडली तरी खाली दिसत राहते.
शेजारी बरोबरची खूण केली.
आता तिथे दोन्ही आहेत.

रात्री भांडी झाल्यावर
ओट्याच्या कडप्प्यावर चमचा वाजवून बघितला.
शेगडीकडे, नळाकडे, मग मध्ये, कान लावून.
नवरा आतून म्हणाला, काय फुटलं?
काही नाही, म्हटलं.
नळाकडच्या कोपऱ्यात आवाज जरा वेगळा आला,
की मलाच वाटलं.

उद्या दुर्गप्पाला विचारायला हवं.